बटाट्याचं पोषणमूल्य

बटाटा म्हणजे वांगी, टोमॅटो, मिरचीच्या कुळातलं पीक, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला आणि नावही त्यांचंच चिकटलं. पाचशे वर्षांपूर्वी भारतात नव्हताच, तरी उपवासाला बिनबोभाट चालतो हे एक आश्चर्यच आहे. आपण खातो ते मूळ नाही बरं का, जमिनीखाली फुगलेलं खोड आहे, झाडाने पुढच्या हंगामासाठी भरून ठेवलेलं स्टार्चचं कोठार.

सालीसकट 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण 79 ग्रॅम पाणीच असतं, मग 17 ग्रॅम कार्ब, 2 ग्रॅम प्रोटीन, 2 ग्रॅम फायबर, फॅट जवळपास नाहीच, कॅलरी 77. शिवाय व्हिटॅमिन सी 20 मिलिग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम 420 च्या आसपास आणि बी6 पण बऱ्यापैकी. व्हिटॅमिन ए नाही म्हणावं इतकं कमी आणि बी12 अजिबात नाही.

आता खरा घोळ इथे आहे की आपल्या ताटात बटाटा भाजीच्या जागी बसतो. पोळी, बटाट्याची भाजी, वर भात, म्हणजे तीनही पदार्थ स्टार्चचेच झाले की! जागतिक आरोग्य संघटना रोज 400 ग्रॅम फळं-भाज्या खा सांगते त्यात बटाटा धरतच नाही. दुधीशेजारी ठेवला तर कॅलरी पाचपट. पण भाताशेजारी ठेवून बघा, शिजलेल्या 100 ग्रॅम पांढऱ्या भातात 130 कॅलरी, व्हिटॅमिन सी शून्य, पोटॅशियम 35 मिलिग्रॅम, म्हणजे तिथे बटाटाच भारी पडतो. त्यामुळे बटाटा बंद करण्यापेक्षा त्या दिवशी पोळी-भात कमी करणं जास्त शहाणपणाचं.

'सगळं सत्त्व सालीत असतं' हे अर्धवट खरं आहे, फायबर सालीत जास्त असतं पण व्हिटॅमिन सी आणि पोटॅशियम मुख्यतः आतल्या गरातच, फक्त सोलून, फोडी करून उकळलं की पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण ओतून देतो. म्हणून कुकरला अख्खा सालीसकट लावलेला बरा. उकडून थंड केला की थोडा स्टार्च लवकर न पचणारा बनतो, त्याने साखर जरा सावकाश वाढते, पण डायबेटिस असेल तर तेवढ्यावर विसंबून दोन वाट्या रेटू नका, गरम बटाट्याने साखर चांगलीच झपाट्याने चढते.

तळल्यावर मात्र पाणी जातं आणि त्या जागी तेल शिरतं. 100 ग्रॅम वेफर्समध्ये 530 च्या वर कॅलरी आणि 35 ग्रॅमच्या आसपास फॅट, मीठ वेगळंच. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्टार्चचे पदार्थ जास्त तापमानाला तळले-भाजले की अॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत याने कॅन्सर होतो असं दिसलंय. फ्रिजमधल्या बटाट्यात थंडीने स्टार्चची साखर होते आणि तो तळला की लवकर करपट होतो, अॅक्रिलामाइडही जास्त, म्हणून तळायचे बटाटे फ्रिजमध्ये नकोच.

उजेडात ठेवूनही चालत नाही, हिरवे पडतात. हिरवा रंग नुसता क्लोरोफिलचा, पण त्याच्यासोबत सोलॅनिन वाढतं आणि ते विषारी, उलट्या-जुलाब होतात, उकडून पण जात नाही. थोडं हिरवं असेल तर तो भाग आणि कोंब खोलवर कापून टाकायचे, बटाटा जास्तच हिरवा असेल किंवा कडू लागला तर सरळ फेकून द्यायचा.