फिल पॉवर की फिल वेट? स्वस्तात हलकी डाउन स्लीपिंग बॅग घेताना

डाउन स्लीपिंग बॅगच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो फिल पॉवरचा: ५५०, ७००, ८५०. फिल वेटचा आकडा मात्र कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतो, स्वस्त बॅगांवर तर कित्येकदा नसतोच. दोन्हींच्या नावात ‘फिल’ असल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात आणि मोठ्या आकड्याची बॅग उचलतात. ठाणे, कळवा, ऐरोलीकडची पहिल्या नोकरीतली मुलं पगारातून पैसे बाजूला टाकून हिमालयासाठी स्वतःची पहिली बॅग घेतात, त्यांच्याकडून हे होतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. पैसे मोजून घेतले असतील, तर आधी ग्रॅम विचारा आणि मग फिल पॉवर, असं माझं स्पष्ट मत आहे.

डाउन म्हणजे बदक किंवा हंसाच्या छातीवरच्या पिसांखालची मऊ लव. तिला पिसासारखा दांडा नसतो. मधल्या एका बिंदूपासून चहूकडे बारीक तंतू फुटलेले असतात आणि त्यांच्यात हवा अडकून राहते. ऊब धरते ती ही अडकलेली हवा. त्यामुळे डाउन जितकी जास्त जागा व्यापेल तितकी हवा जास्त आणि तितकी ऊब जास्त.

ही फुगण्याची क्षमता म्हणजे फिल पॉवर. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाउन पारदर्शक नळकांड्यात टाकतात, वर ठरावीक वजनाची चकती ठेवतात आणि त्याने किती घनइंच जागा घेतली ते मोजतात. ६०० घनइंच भरली तर फिल पॉवर ६००. लिटरमध्ये सांगायचं तर त्या २८ ग्रॅमनी पावणेदहा लिटरच्या आसपास जागा व्यापली. ८०० फिल पॉवरचं तेवढंच डाउन तेरा लिटर व्यापतं. गादीच्या कापसासारखंच आहे हे: पाच किलो दबलेला कापूस आणि पाच किलो ताजा पिंजलेला कापूस काट्यावर सारखेच, पण ढिगाची उंची वेगळी.

आता यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फिल पॉवर हा डाउनचा गुण आहे, बॅगेचा नाही. बॅगेत ते डाउन किती भरलंय हे त्या आकड्यावरून अजिबात कळत नाही. ते सांगतं फिल वेट, म्हणजे आत भरलेल्या डाउनचं ग्रॅममधलं वजन.

आमच्या ग्रुपमधली एक मुलगी मागे मोबाइल पुढे धरून म्हणाली, “दादा, ही बघ, आठशे फिलची आहे आणि सेलमध्ये आहे. घेऊ का?” मी विचारलं, “ग्रॅम किती आहेत?” तिने स्क्रीन खालपर्यंत सरकवली. फिल वेट ३०० ग्रॅम. शेजारच्या टॅबमध्ये तिनेच उघडून ठेवलेली दुसरी बॅग होती, ६५० फिल पॉवर आणि ४५० ग्रॅमची, आणि किमतीला बरीच कमी. आम्ही तिथेच गुणाकार केला. ८०० गुणिले ३०० म्हणजे २,४०,०००. ६५० गुणिले ४५० म्हणजे २,९२,५००. ‘हलक्या दर्जाची’ म्हणून तिने जवळजवळ बाद केलेली बॅग एकूण फुगवट्यात वीस टक्क्यांहून जास्त पुढे होती.

हा गुणाकार अगदी काटेकोर नाही. बॅगेचा आकार, आतले कप्पे, हूड, चेनच्या मागची पट्टी या सगळ्याचा उबेवर परिणाम होतो. पण दुकानात उभं राहून दोन बॅगांची तुलना करायला इतकं सोपं आणि उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही.

हाच हिशोब उलटा करून पाहा. ६०० फिल पॉवरचं ४०० ग्रॅम आणि ८०० फिल पॉवरचं ३०० ग्रॅम यांचा गुणाकार बरोबर सारखा येतो. बाकी बॅग तशीच असेल तर ऊब साधारण तेवढीच आणि वजनातला फरक १०० ग्रॅमचा. शिवाय ८०० वाली दाबून थोडी लहान होते. जास्तीचे पैसे जातात ते या १०० ग्रॅमसाठी आणि पिशवीतल्या थोड्या जागेसाठी. आठ-दहा दिवस सगळं सामान स्वतःच्या पाठीवर वाहून नेणाऱ्याला ते पैसे वसूल वाटतील. तंबू आणि किराणा खेचरांवर चढवून जाणाऱ्याने ते वाचवावेत आणि चांगल्या मॅटवर घालावेत.

मॅटचं बोलतोय ते उगाच नाही. अंगाखाली दबलेलं डाउन जवळजवळ काहीच ऊब देत नाही, कारण त्यातली हवाच निघून गेलेली असते. खालची थंडी मॅटच अडवते. भारी बॅग आणि पातळ मॅट घेऊन जाणारे रात्रभर कूस बदलत राहतात आणि सकाळी बॅगेला दोष देतात.

या गोंधळात भर घालतो तो बॅगेचा एकूण वजनाचा आकडा. ‘वजन ७०० ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा ते डाउनचं वजन समजतो. त्या ७०० ग्रॅममध्ये बाहेरचं कापड, अस्तर, चेन, दोऱ्या सगळं आलं. दोन बॅगा प्रत्येकी ७०० ग्रॅमच्या असल्या तरी एकीत जाड कापड आणि २५० ग्रॅम डाउन असेल, दुसरीत पातळ कापड आणि ४०० ग्रॅम. बॅग नुसती हलकी आहे म्हणून खूश होऊ नये. आत माल कमी भरला की कुठलीही बॅग हलकी होते.

मॉडेलच्या नावातला आकडाही एकाच गोष्टीचा नसतो. पोलंडच्या कुम्युलसच्या ‘लाइट लाइन ४००’मधले ४०० म्हणजे ४०० ग्रॅम डाउन. अमेरिकेच्या आरईआयच्या ‘मॅग्मा ३०’मधले ३० म्हणजे तापमान, तेही फॅरनहाइटमध्ये, म्हणजे आपलं उणे एक सेल्सिअस. अमेरिकेहून येणाऱ्या भावाला बॅग आणायला सांगणार असाल तर हे आधी बघून घ्या.

लेबलवर आणखी एक जोडी दिसते, ९०/१० किंवा ८०/२०. त्यात पहिला आकडा डाउनचा हिस्सा आणि दुसरा साध्या बारीक पिसांचा. ९०/१० असलं म्हणजे फिल पॉवर जास्त असेलच असं नाही. लव बारीक असेल तर ९० टक्के डाउन असूनही फिल पॉवर ६०० भरू शकते. ‘९०% डाउन’ एवढंच लिहून बाकी दोन्ही आकडे गाळणाऱ्या विक्रेत्याला ते विचारायला संकोच करू नका. त्याला सांगता आले नाहीत तर ती बॅग सोडून द्या.

बॅगेवर ईएन १३५३७ किंवा आयएसओ २३५३७ या मानकांनुसार मोजलेलं तापमान असेल तर मात्र गुणाकाराची फारशी गरज उरत नाही. तिथे पूर्ण बॅगच तापवलेल्या पुतळ्यावर तपासलेली असते. त्यात तीन आकडे येतात. कम्फर्ट, म्हणजे प्रमाण मानलेली स्त्री ज्या तापमानात आरामात झोपेल ते. लिमिट, म्हणजे प्रमाण मानलेला पुरुष अंग आवळून का होईना, रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम, ज्यात जीव वाचण्यापुरतीच हमी असते, तीही काही तासांची. स्वस्त बॅगांवर मोठ्या अक्षरात ‘उणे १०’ असतं ते बहुतेक वेळा हे शेवटचं. तुम्ही पुरुष असा की स्त्री, कम्फर्ट बघूनच घ्या. थकलेल्या, कमी जेवलेल्या माणसाला थंडी जास्त लागते आणि ट्रेकवर आपण सगळे रोज तेच असतो. शून्याच्या आसपास कम्फर्ट हवं असेल तर ६५० फिल पॉवरचं ५०० ग्रॅमच्या आसपास डाउन असावं, असा माझा ढोबळ हिशोब असतो. ३०० ग्रॅममध्ये ते जमवतो म्हणणारी स्वस्त बॅग दिसली तर तिच्या दाव्यावर विश्वास ठेवू नका.

हे डोळ्यांनीही दिसतं. नौपाड्यात एका मित्राच्या घरी आम्ही दोन बॅगा हॉलमध्ये जमिनीवर पसरल्या, झटकल्या आणि तासभर तशाच ठेवल्या. मग प्रत्येकीवर हलकीशी पट्टी आडवी धरून जमिनीपासूनची उंची मोजली. महागडी ‘हाय फिल’ बॅग मध्यावर छान फुगली होती, पण पायांकडे कप्पे अर्धे रिकामे होते. ती उजेडासमोर धरली तर लव एका बाजूला सरकून उरलेल्या जागी नुसतं कापड दिसत होतं. दुसरी साधी, ६०० वाली, डोक्यापासून पायापर्यंत एकसारखी उभी राहिली होती. तिच्या कापडातून मधूनच एखादं पीस टोचत होतं, हे खरं. पण थंडीत झोपायला मी दुसरीच नेईन.

स्वस्त आणि हलक्या बॅगेत कंपनी आणखी कुठे पैसे वाचवते तेही बघा. आतलं आणि बाहेरचं कापड आरपार शिवून कप्पे केले असतील तर शिवणीच्या रेषेवर डाउनच नसतं, तिथून थंडी शिरते. आठ-दहा अंशांपर्यंतच्या बॅगेला हे चालतं. शून्याखाली जायचं असेल तर दोन कापडांमध्ये जाळीची उभी पट्टी असलेले, म्हणजे पेटीसारखे कप्पे हवेत. बॅग अंगापेक्षा फार ऐसपैस नको, कारण ती रिकामी जागा आपल्याच अंगाला तापवावी लागते. फार घट्टही नको, कारण खांदा आतून दाबला की तिथलं डाउन चपटं होतं. दुकानात बूट काढून, जॅकेट घालून आत शिरून पाहा.

आणि ही बॅग नेमकी कुठे वापरणार, ते आधी ठरवा. पहाटेच्या कसारा लोकलने जाऊन कळसूबाई, नाहीतर आसनगावला उतरून माहुली, एवढंच वर्षभर करणार असाल तर डाउनच्या मागे लागू नका. सह्याद्रीत हिवाळ्यातही शून्याखालची रात्र नेहमीची नाही. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ उघड्यावर झोपलात तर पहाटे दव इतकं पडतं की डाउन ओलं होऊन गोळे होतात, आणि मग फिल पॉवर आणि फिल वेट दोन्ही आकडे कागदावरच राहतात. तिथे सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम तंतू भरलेली बॅग बरी. ती ओली झाली तरी बरीचशी ऊब धरते, घरी धुता येते आणि किंमतही कमी असते. डाउनचं खरं काम हिमालयात, कोरड्या थंडीत आणि उंचीवर. तिथेही वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्याने घ्या. आयोजित ट्रेकमध्ये बॅग बहुतेक वेळा मिळतेच, ती किती तापमानाची आहे तेवढं आधी विचारून घ्या.

वापरलेली डाउन बॅग हा पैसे वाचवायचा माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग आहे, कारण नीट राखलेलं डाउन कित्येक वर्षं टिकतं. फक्त ती बघताना नवीन बॅगेसारखी लेबलवरून पारखू नका. फिल वेट तेवढंच असतं, पण घाम, तेलकटपणा आणि वर्षानुवर्षं दाबून ठेवल्यामुळे फिल पॉवर उतरलेली असते. पिशवीतून काढा, झटका, तासभर थांबा. फुगली नाही किंवा बोटांना गोळे लागले तर भाव कमी करून मागा किंवा सोडून द्या. कुबट वास येत असेल तर घेऊच नका.

आपल्याकडे ठाण्यात हा धोका जास्त. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की माळ्यावर दाबून ठेवलेली बॅग दिवाळीत उघडली की चपटी निघते. सोबतची छोटी पिशवी फक्त प्रवासापुरती. घरी बॅग मोठ्या सुती पिशवीत, नाहीतर कपाटात लटकवून ठेवा. उशीच्या दोन जुन्या खोळी जोडून शिवल्या तरी काम भागतं.

ट्रेकवरही दुपारी तंबू लागला की बॅग अर्धा तास उन्हात उलटी पसरा. रात्री अंगातून निघालेली वाफ डाउनमध्ये साठत जाते आणि चौथ्या-पाचव्या रात्री त्याच बॅगेत थंडी वाजायला लागते ती यामुळे. धुवायची वेळ आली तर एप्रिल-मेमध्ये धुवा. डाउनसाठीचा किंवा अगदी सौम्य साबण घ्या, पिळू नका, आणि उचलताना खालून दोन्ही हातांनी आधार द्या, नाहीतर ओल्या वजनाने आतल्या जाळ्या फाटतात. ड्रायर नसेल तर गच्चीवर सावलीत आडवी पसरून दोन-तीन दिवस वाळवा आणि दर काही तासांनी आतले गोळे बोटांनी सोडवत राहा. वरून कोरडी वाटली तरी गोळे पूर्ण सुटेपर्यंत आत ओल असतेच, तोवर ती कपाटात ठेवू नका.