इग्निशन पॉइंट

जुन्या पेट्रोल इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागात) कॉइलचा, म्हणजे ठिणगीसाठी मोठा दाब तयार करणाऱ्या गुंडाळीचा, करंट जोडणारा आणि तोडणारा जो छोटा यांत्रिक स्विच असतो, त्याला इग्निशन पॉइंट, सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट किंवा नुसते 'पॉइंट' म्हणतात. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली बॅटरी-कॉइल पद्धत १९१०च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींत आली. पुढे १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन रुळेपर्यंत बहुतेक मोटारींची ठिणगी पॉइंटच्याच जिवावर पडत होती.

पॉइंटचे दोन भाग असतात. एक प्लेटला स्क्रूने घट्ट बसवलेला, दुसरा स्प्रिंगच्या जोरावर हलणारा. दोघांच्या टोकांना टंगस्टनच्या टिकल्या असतात. हलणाऱ्या हाताला फायबरची किंवा नायलॉनची टाच असते आणि ती मधल्या शाफ्टवरच्या कॅमला घासत राहते. चार सिलिंडरच्या इंजिनात कॅमला चार उंचवटे असतात. उंचवटा टाचेखाली आला की पॉइंट उघडतात. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर ही उघडझाप सेकंदाला २०० वेळा होते.

ठिणगी पॉइंट जुळताना पडते असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती उघडताना पडते. पॉइंट जुळलेले असताना कॉइलमध्ये तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच ते क्षेत्र कोसळते आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत प्लगला पुरेल इतका, हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. करंट एका फटक्यात तुटावा आणि टिकल्या जळू नयेत यासाठी शेजारी कंडेन्सर जोडलेला असतो.

म्हणूनच पॉइंटची गॅप (पूर्ण उघडलेल्या टिकल्यांमधले अंतर) मिलिमीटरमध्ये मोजली, तरी ती खरे तर वेळ ठरवते. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे सरकते, म्हणजे ठिणगी लवकर पडते, आणि कॉइलला भरायला वेळ कमी मिळतो. गॅप कमी झाली की टायमिंग मागे पडते. टाच झिजते तशी गॅप कमी होत जाते, त्यामुळे गाडीचा पिकअप हळूहळू पडतो आणि रोज चालवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

गाडी सुरूच होत नसेल तर टेस्ट लॅम्प पुरतो. निगेटिव्ह अर्थ असलेल्या (बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत लॅम्पचे एक टोक कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरे बॉडीला लावून इग्निशन चालू ठेवावे व इंजिन फिरवावे. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट काम करत आहेत, दोष पुढे शोधावा. सतत पेटून राहिला तर पॉइंट जुळत नाहीत, टिकल्यांवर तेल किंवा गंज आहे, किंवा आतल्या प्लेटची अर्थची तार तुटली आहे. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत करंट येत नसेल, पॉइंट उघडत नसतील, किंवा पॉइंटची तार कुठेतरी अर्थ होत असेल. नवे पॉइंट बसवल्यावर गाडी बंद पडली तर आधी इन्सुलेशनचा वॉशर पाहावा. तारेचे टर्मिनल वॉशरच्या चुकीच्या बाजूला गेले की ते बॉडीशी जोडलेल्या खिळीला टेकते, करंट तुटतच नाही, आणि मग कॉइल बदलूनही काही फरक पडत नाही.

पॉइंट उघडताना मोठी, भगभगीत ठिणगी दिसली आणि इंजिन मिसिंग करत (मध्येच ठिणगी चुकवत) असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. जळालेल्या पॉइंटच्या एका टिकलीवर टेकाड आणि समोरच्या टिकलीवर तेवढाच खड्डा आढळतो, कारण धातू एकीकडून दुसरीकडे सरकलेला असतो. अशा पॉइंटमध्ये फीलर गेज (गॅप मोजायचे ठरावीक जाडीचे पाते) टेकाडावर टेकते, खड्ड्यातली पोकळी मोजलीच जात नाही, आणि खरी गॅप दिसते त्यापेक्षा जास्त निघते. ते घासून वेळ मारून नेता येते, पण बदलणेच बरे.

गॅप लावण्यापूर्वी इग्निशन बंद करावे. प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरते. टाच उंचवट्याच्या अगदी माथ्यावर आणावी, स्क्रू किंचित सैल करून स्वच्छ फीलर गेज घालावे. गॅप साधारण ०.३५ ते ०.५० मिमी असते, पण आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. पाते ओढताना टिकल्यांनी ते हलकेच धरून ठेवल्यासारखे वाटले पाहिजे; पात्याने हलणारा हात ढकलला जात असेल तर गॅप कमी आहे. स्क्रू आवळताना प्लेट हमखास सरकते, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजावे. पात्याचे तेल टिकल्यांना लागते, तेव्हा शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून घ्यावी. कॅमला ग्रीस बोटाच्या टोकाइतकेही नको. जास्तीचे उडून टिकल्यांवरच बसते.

टायमिंग नेहमी गॅपनंतर लावावे. गॅप हलली की टायमिंग हलते, पण डिस्ट्रिब्युटर फिरवल्याने गॅप बदलत नाही. पुलीवरची खूण जुळवून डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवावा आणि टेस्ट लॅम्प पेटतो त्या क्षणी आवळावा.

एका उंचवट्यावर गॅप बरोबर आणि दुसऱ्यावर वेगळी येत असेल, तर शाफ्ट बोटांनी बाजूला हलवून पाहावा. तो डुलत असेल तर शाफ्टला धरणारा बुश झिजला आहे, आणि तो बदलल्याशिवाय कोणतेही माप टिकणार नाही. नव्या पॉइंटची टाच कॅमवर बसताना थोडी झिजते. काही शे किलोमीटरनंतर गॅप आणि टायमिंग पुन्हा तपासावे.