टेपमधला थकलेला आवाज

सुट्टीवर निघायच्या दिवशी हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांना अंथरुणातून उठताच आलं नाही. विमान चुकलं. न्यूयॉर्कचे हे मानसशास्त्रज्ञ दिवसभर आपले रुग्ण बघत आणि संध्याकाळी गरिबांच्या मोफत दवाखान्यात विनामोबदला राबत. शेवटी ते टेपरेकॉर्डर घेऊन बसले, मनात येईल ते बोलले आणि मग तीच टेप लावून ऐकली. आवाजात थकवा होता, आणि रागही.

१९७४ साली त्यांनी ‘बर्नआउट’वर, म्हणजे कामानं आतून जळून, पिळवटून जाण्यावर, लेख लिहिला, तो याच दवाखान्यातल्या स्वयंसेवकांना पाहून. डोकेदुखी, उडालेली झोप, क्षुल्लक कारणावरून चिडचिड, पुढे कामाविषयीच कडवटपणा. आणि याला बळी कोण पडतं? ज्यांनी स्वतःला कामात झोकून दिलंय तेच. मला हे वाचून प्रत्येक चळवळीतले चेहरे आठवतात.

मोर्चा आटोपून, सतरंज्या गोळा करून कार्यकर्ती रात्री अकराला घरी येते. पाठ टेकते आणि बैठकीतलं भांडण डोक्यात पुन्हा सुरू होतं. ‘मी गप्प का बसले? तो असं का बोलला?’ याला आपण आत्मपरीक्षण समजतो. मानसशास्त्राच्या भाषेत हा रवंथ आहे. गाईच्या रवंथानं चारा तरी पचतो. यात तोच घास फिरत राहतो आणि उदासी वाढते.

मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला नेमका शब्द लावला, की धोक्याची सूचना देणाऱ्या अमिग्डालाची धावपळ कमी व्हायची आणि कपाळामागचा उजवीकडचा भाग कामाला लागायचा. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनाशी बोलणाऱ्यांना भाषणाआधीचं दडपण कमी जाणवलं. फ्रॉयडेनबर्गर यांच्या टेपनंही बहुधा हेच साधलं: आपलाच आवाज, पण समोरून आलेला.

तरी सगळा भार एकट्या कार्यकर्त्याच्या मनावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटवर आयुष्यभर काम केलं. त्या सांगतात, की कामाचा बोजा, न मिळणारी दाद, आपसातला दुजाभाव यांतून माणूस जळतो.

म्हणून त्या कार्यकर्तीनं वर्गणीच्या वहीतच मागच्या पानावर स्वतःचं नाव घेऊन लिहावं: ‘सुनीता आज चिडली. तीन वस्त्यांची कामं तिच्या एकटीवर आहेत आणि तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही.’ हे वाक्य उद्याच्या बैठकीत मांडता येतं, आणि एक वस्ती दुसऱ्या कुणाला घेता येते.