भुईमुगाला जिप्सम द्यायचं की गंधक?

एकरी 160 किलो जिप्सम (कॅल्शियम आणि गंधक दोन्ही असलेलं खनिज) ओढून आणण्यापेक्षा 9-10 किलो बेन्टोनाइट गंधक (बेन्टोनाइट मातीत बांधलेलं दाणेदार गंधक) टाकलं की भागतं, असं भुईमुगाबाबत सर्रास सांगितलं जातं. गंधकापुरता हा हिशेब बरोबर आहे. पिकाची एकरी साधारण 8 किलोची गरज या 90 टक्क्यांच्या दाणेदार गंधकातून भागते. पण त्यात कॅल्शियम शून्य असतं, आणि कॅल्शियमशिवाय शेंग पोसत नाही.

मुळांनी उचललेलं कॅल्शियम पाण्याबरोबर पानांत जातं आणि तिथेच अडकतं. खाली शेंगेकडे परतत नाही. त्यामुळे वाढती शेंग भोवतालच्या मातीतलं कॅल्शियम टरफलातून स्वतःच शोषते. ते कमी पडलं तर वेल वरून हिरवागार दिसतो, पण उपटल्यावर शेंगा पोचट निघतात. दाणा फोडला तर आतला कोंब काळपट असतो. असं बियाणं धड उगवतही नाही.

म्हणून जिप्सम निम्मं पेरणीवेळी आणि निम्मं आऱ्या (फुलानंतर मातीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना, म्हणजे 35 ते 45 दिवसांत, ओळीलगत द्यावं. शेंगा वरच्या 5-7 सेंमी थरात पोसतात, तिथेच ते हवं. हलकी कोळपणी करून भर लावावी आणि पाणी द्यावं. आऱ्या मातीत घुसल्यावर कोळपं घातलं तर त्या तुटतात. त्या पट्ट्यात पोटॅश जास्त झालं तरी शेंगेला कॅल्शियम कमी मिळतं.

तेलासाठी मात्र गंधकच लागतं; ते कमी पडलं की कोवळी पानं पिवळी पडतात आणि दाण्यातलं तेल घटतं. जिप्सममधलं गंधक सल्फेट रूपात असल्याने पिकाला लगेच मिळतं. बेन्टोनाइटचा दाणा आधी ओलाव्याने फुटावा लागतो, मग जिवाणू त्याचं सल्फेट करतात. उन्हाळी भुईमुगात जानेवारीच्या थंड जमिनीत हे फार सावकाश होतं. ते पेरणीआधी दोन-तीन आठवडे ओल्या मातीत मिसळावं. आऱ्यांच्या वेळी टाकणं उशिराचं. चुनखडीच्या जमिनीत या गंधकाचा जास्तीचा फायदा आहे: तयार होणाऱ्या आम्लाने खताच्या दाण्याभोवतीचा सामू (पीएच) उतरतो आणि लोह मोकळं होतं.

स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) एकरी अडीच गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट दिलं असेल तर त्यातूनच सुमारे 14 किलो गंधक मिळतं. वेगळं गंधक विकत घेऊ नये. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) वापरलं तर त्यात गंधक नसतं. आऱ्यांवेळचं जिप्सम दोन्ही बाबतीत द्यावंच. आणि 80 टक्के गंधकाची पाण्यात मिसळणारी पावडर ही भुरी रोग आणि कोळी किडीसाठी फवारायची असते, ती जमिनीतल्या खताच्या हिशेबात धरू नये.