डब की रिमेक? नक्की काय पाहिलं ते आधी सांगा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी मंडळी जमली आणि सिनेमाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "तो साउथचा डब पिक्चर ना? पाहिला आम्ही!" जरा खोदून विचारलं की कळतं, पाहिलेला असतो अजय देवगणचा 'दृश्यम'. तो डब नाही, रिमेक आहे. नुसता नावाचा घोळ असता तर सोडून दिला असता. पण त्यापायी शिव्या आणि शाबासकी, दोन्ही भलत्याच माणसाच्या वाट्याला जातात.

डबमध्ये चित्र जसंच्या तसं राहतं, बदलतो फक्त आवाज. रिमेकमध्ये गोष्टीचे हक्क घेऊन सगळा सिनेमा नव्यानं काढतात: नट वेगळे, गाव वेगळं, दिग्दर्शकही बहुधा वेगळा. शंका आली तर ओटीटीवर भाषा बदलून बघा. भाषा बदलली तरी पडद्यावरचा चेहरा तोच राहिला, म्हणजे त्यातली एक भाषा डबची.

डबला नाक मुरडायची आपल्याला उगाचच सवय आहे. हिंदी 'बाहुबली' पाहून प्रभासच्या आवाजावर जीव टाकणारे आपल्याच गल्लीत सापडतील. तो आवाज शरद केळकरचा, म्हणजे ग्वाल्हेरात जन्मलेल्या माणसाचा. (हे सांगितलं की डबविषयीचं मत लगेच मवाळ होतं, हा माझा अनुभव.) 'पुष्पा'च्या हिंदीत अल्लू अर्जुनच्या तोंडून बोलतो तो आपला श्रेयस तळपदे. तेलुगूत पुष्पा चित्तूरकडची बोली बोलतो. हिंदीत तो मुंबईच्या नाक्यावरचा वाटतो. चित्तूरची माती गेली हे खरं, पण तळपदेनं त्या जागी जो रांगडेपणा आणलाय तो मला तरी आवडला.

खरी कसरत असते ती डबचे संवाद लिहिणाऱ्याची. मूळ नटाचे ओठ जिथे मिटतात तिथे प, ब, म असलं अक्षर पडायला हवं. तोंड हलत असताना वाक्य संपून चालत नाही, तोंड मिटल्यावर शब्द उरूनही चालत नाही. नट पाठमोरा किंवा लांब असला तर खपून जातं, क्लोजअपमध्ये मात्र चोरी पकडली जाते. डब पिक्चरमध्ये वाक्याच्या शेपटाला विनाकारण 'समझे?' किंवा 'सुनो' लोंबकळताना दिसतं ना, ते पुष्कळदा उरलेली ओठांची हालचाल भरून काढण्यासाठी असतं. आवाज देणारा कानाला हेडफोन लावून मूळ संवाद ऐकतो, समोर तो तुकडा बघतो आणि तुकड्या-तुकड्यानं बोलत जातो. पावलं, दारं, गाड्या आणि संगीत यांचा ट्रॅक निराळा असतो. तो नीट मिळाला नाही तर माणसं रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. तेव्हा डब पाहून "हिरो फार कृत्रिम बोलतो" म्हणण्यात अर्थ नाही. तो बोललेलाच नाही.

रिमेकचा हिशोब निराळा. तिथे विचारायचं ते हे की गोष्ट नव्या गावात रुजली का? जीतू जोसेफचा मल्याळी 'दृश्यम' २०१३चा. त्यात मोहनलालचा जॉर्जकुट्टी ख्रिस्ती आहे आणि घरची मंडळी चर्चच्या ध्यानशिबिराला गेल्याचं तो पोलिसांना सांगतो. निशिकांत कामतच्या २०१५च्या हिंदीत तेच कुटुंब गोव्यातलं साळगावकर होतं आणि पणजीला जातं ते स्वामींच्या सत्संगाला. वरवर किरकोळ बदल वाटतो. पण अख्खा बनाव त्या एका सहलीवर उभा आहे. मध्यमवर्गीय घर मुलींना घेऊन अशा ठिकाणी सहज जाईल, कुणाची भुवई उंचावणार नाही, असं कारण त्या मातीत सापडायलाच हवं होतं. कामतला ते सापडलं. कमलेश सावंतचा पोलीस गायतोंडेही त्याच मातीतला वाटतो. कामतला हा खेळ नवा नव्हताच म्हणा. 'डोंबिवली फास्ट' हा स्वतःचा मराठी सिनेमा त्यानं २००७ साली आर. माधवनला घेऊन तमिळमध्ये पुन्हा काढला होता.

'सैराट'चं हिंदीत गेल्यावर जे झालं ते या उलट. करमाळ्याकडची विहीर आणि उसाचं रान सोडून 'धडक' उदयपूरच्या तलावाकाठी गेला. तिथे सगळंच इतकं देखणं आहे की जातीचा काच बोचेनासा होतो. तिथला शेवटही बदलला आहे. कसा ते सांगत नाही, पण मला मूळचाच हवा होता.

या दोन्हीत न बसणारी एक तऱ्हा आहे. 'बाहुबली' तेलुगू आणि तमिळ, दोन्ही भाषांत एकाच वेळी चित्रित झाला, त्यामुळे तमिळ 'बाहुबली' डबही नाही आणि रिमेकही नाही.

मालिकांत तर भांडणंच होतात. आमच्याकडे टीव्हीवर हिंदी 'अनुपमा', पुण्याला मावशीकडे 'आई कुठे काय करते'. मावशी फोनवर ठासून सांगायची, "तुमची अनुपमा आमच्यावरनं उचललीय." मुळात दोन्ही रिमेक, 'श्रीमयी' या बंगाली मालिकेचे. नक्कल म्हणायची तर दोघींनाही म्हणा. मला विचाराल तर मधुराणी प्रभुलकरची अरुंधती जास्त पटते. तिचं गप्प बसणंही बोलकं आहे. रुपाली गांगुलीच्या अनुपमाला अहमदाबादचं ते भरलं गुजराती घर आणि वरून दणदणीत पार्श्वसंगीत गप्प बसूच देत नाही. 'श्रीमयी'चं मावशीला सांगितलं तर म्हणाली, "असेल बाई, पण तुमच्या आधी आमची आली की नाही?" आली, हे खरंच. मराठी डिसेंबर २०१९ला सुरू झाली, हिंदी जुलै २०२०ला.