एआयवर डॉक्टरांचा विश्वास का बसत नाही (आणि कधी जास्तच बसतो)

कॅन्सर स्क्रीनिंगमध्ये एआय म्हटलं की लोकांना वाटतं डॉक्टर नोकरीच्या भीतीने नाक मुरडतायत. थोडं ते असेलही, पण मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) वाचणाऱ्या डॉक्टरांचं तोंड आधी एकदा दुधाने पोळलंय. अमेरिकेत 1998 मध्ये कॅड नावाच्या सॉफ्टवेअरला मंजुरी मिळाली, ते संशयास्पद जागेवर खूण करायचं, विम्याचे जादा पैसेही मिळायचे म्हणून सगळीकडे पसरलं, आणि 2015 मध्ये तीन लाखांहून जास्त बायकांचे रिपोर्ट तपासले तर निदानात काहीच फरक नाही! उलट नको तिथे खुणा, आणि प्रत्येक खूण डॉक्टरनेच निस्तरायची. मग आता ताक फुंकून पितात तर नवल काय.

पण नवं एआय वेगळं आहे हेही खरं. स्वीडनमध्ये साधारणपणे प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर वाचतात. तिथल्या मसाई ट्रायलमध्ये 80,000 बायकांपैकी निम्म्यांचे फोटो आधी मशीनने बघून 1 ते 10 धोक्याचा स्कोअर दिला, 10 आला तर दोन डॉक्टर, नाहीतर एकच. हजारात 5 ऐवजी 6 कॅन्सर सापडले, खोटा अलार्म वाढला नाही आणि वाचनाचं काम 44 टक्के कमी झालं. रेडिओलॉजिस्टच मिळत नाहीत अशा ठिकाणी हे किती मोठं आहे विचार करा.

मला जास्त काळजी वाटते ती विश्वास बसल्यानंतरची. 2023 मधल्या एका जर्मन प्रयोगात 27 रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम दाखवून सांगितलं की हे एआयचं मत आहे (खरं तर ते संशोधकांनीच बनवलेलं होतं) आणि त्यात मुद्दाम काही उत्तरं चुकीची घातली. ते मत बरोबर असताना भरपूर अनुभव असलेल्यांची 82 टक्के उत्तरं बरोबर होती, चुकीचं असताना ती 45 वर आली, म्हणजे डोळ्यांना दिसतंय एक आणि मशीन म्हणतंय दुसरं तर माणूस मशीनचं ऐकतो, नवशिक्यांचं तर विचारूच नका.

पोलंडमध्ये अजून विचित्र झालं. कोलोनोस्कोपीत (नळीच्या कॅमेऱ्याने आतडं तपासतात ती) आतड्यातल्या गाठी दाखवणारं एआय आलं, डॉक्टरांना त्याची सवय झाली, मग एआय बंद असतानाच्या तपासण्या मोजल्या तर आधी 28.4 टक्के पेशंटमध्ये अशा गाठी सापडायच्या त्या आता 22.4 टक्क्यांतच. इतर कारणंही असू शकतात, अभ्यास तसा छोटाच होता. पण हे डॉक्टर शिकाऊ नव्हते, प्रत्येकाने आधी 2000 पेक्षा जास्त कोलोनोस्कोपी केलेल्या.