चढावर इंजिन खडखडतंय? हेड उघडण्याआधी हे वाचा

नागपूरच्या रामझुला पुलावर चौथ्या गिअरमध्येच गाडी चढवली की बॉनेटखालून कढईत फुटाणे उडाल्यासारखा आवाज येतो. पाय सोडला की बंद. 'टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतात भाऊ' म्हणत गाड्या आमच्या गॅरेजमध्ये येतात. टॅपेट उभ्या गाडीतही वाजतं; नुसतं ओढीला वाजतं ते बहुतेकदा नॉकिंग. ठिणगीची आग पोचायच्या आतच सिलिंडरच्या कोपऱ्यात दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पेटतं, त्याचा तो आवाज.

जुन्या अमेरिकन व्ही-८ ला हा त्रास जास्त. १९६५ च्या शेवरोले इम्पालातल्या ३२७ (घन इंच) इंजिनचं कंप्रेशन, म्हणजे मिश्रण किती दाबलं जातं ते, १०.५ ला १, आणि ते शिसं घातलेल्या हाय-ऑक्टेन पेट्रोलच्या जमान्यातलं. आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झालं. म्हणून आधी टाकीत काय आहे ते बघा. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल आपोआप पेटायला नाखूश. अमेरिकन व्हिडिओतला ९१ ऑक्टेन म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९५-९६, हे लक्षात ठेवा. पेट्रोलमधल्या इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो हे खरं, पण कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि पातळ मिश्रण गरम जळतं. अशा वेळी आम्ही कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकून बघतो. ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर आमचा फारसा भरवसा नाही.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. क्रँक पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं. साठ वर्षांत ते सैल होऊन बाहेरचं कडं सरकतं, खूण खोटी पडते आणि टायमिंग लाइट तीच खोटी खूण दाखवतो. म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून खूण पडताळल्याशिवाय आम्ही डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाला) हात लावत नाही. त्याच्या आत वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर ॲडव्हान्स लवकर चढतो, म्हणजे ठिणगी हवी त्याआधीच पडते. त्या बदलल्या की अर्धं दुखणं जातं. टायमिंग मागे घ्यायचं तर दोन-दोन डिग्रीनं. एकदम मागे नेलं तर आवाज जाईल, पण पिकअपही जाईल आणि इंजिन तापेल.

तापण्याचं म्हणाल तर मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका, आतून खपली धरते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

नुसत्या वरातीत रांगणाऱ्या गाड्यांच्या हेडमध्ये कार्बन साचतो. चावी काढल्यावरही इंजिन घुरघुरत राहिलं तर बहुधा तोच दोषी. इंजिन गरम असताना वर्धा रोडवर चांगली तासभर मोकळी पळवा. तरी फरक पडला नाही, तरच हेड उघडायची गोष्ट.

प्लग काढून पांढऱ्या पोर्सिलीनकडे भिंगातून बघा. मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक चमकते कण दिसले तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथेच थांबवा, टो करून आणा.

तोवर चढाला एक गिअर खाली घ्या. येताना शेवटचं पेट्रोल कोणतं भरलं ते सांगा. रामझुल्याची फेरी आम्ही तुम्हाला शेजारी बसवूनच मारतो.